चुनावाले साहेब

नसलेल्या दाराबाहेर चप्पल काढून आत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच हाताखाली माझी सगळी नोकरी झाली. मोकळा प्लॉट, तण काढून साफ केलेला, आणि त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघा. रेघ जिथं तुटलेली, तिथं दार. साहेब त्या तुटलेल्या रेघेशी थांबत, चप्पल काढत, आत पाऊल टाकत आणि वळून सगळ्यांना म्हणत, "या जी, या. उन्हात काहून उभे?" आत काय सावली होती? आतही तेच ऊन. पण घरमालक, त्याची बायको, म्हातारी आई, सगळे गुपचूप चपला काढून आत जात.

घर बांधण्याआधी ते जमिनीवर खऱ्या मापात आखायचं आणि घरच्या सगळ्यांनी अर्धा दिवस त्यात राहायचं, ही साहेबांची अट होती. डबे घेऊन यायचं. स्वयंपाकघरात बसून जेवायचं, म्हातारीनं आपल्या खोलीत चटई टाकून पडायचं, पोरांनी आपल्या खोलीत धिंगाणा घालायचा. भिंतीतून येणं-जाणं बंद. बपेरा गावी एका जावईबापूंनी हात धुवायला म्हणून सरळ रेघ ओलांडली, तर साहेब ओरडले, "अवो जावई, भीत फोडून कोठी चालले? दार तिकडं आहे!" जावईबापू ओशाळले आणि दोन खोल्यांना वळसा घालून मोरीत गेले. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "खरंच हो, मोरी भल्ली दूर पडते." झालं. साहेबांनी पायानं रेघ पुसली आणि मोरी अलीकडे आणली. कागदावर ही गोष्ट कोणाच्या बापाला दिसली नसती.

माझ्या गावची, आंधळगावची गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. दोन भाऊ एकत्र राहणारे, दोघांचं मिळून एक घर. मोठ्यानं छाती पुढं काढून सांगितलं होतं, "एकच चूल. आमच्यात वाटण्या नाहीत." चुन्यातल्या स्वयंपाकघरात दोन्ही जावा जेवायला बसल्या त्या एकमेकींकडे पाठ करून. साहेबांनी पुरुषांना चहा आणायच्या निमित्तानं चौकात पिटाळलं आणि विचारलं, "सांगा बाई हो, एक ओटा का दोन?" मोठी म्हणाली, एकच. धाकटी जमिनीकडे पाहत राहिली. मागच्या पडवीत त्यांनी एक लहानसा ओटा आखला आणि पुरुष आल्यावर म्हणाले, "हे पानी तापवाले. पावसाळ्यात कामी येते." पुढं त्याच ओट्यावर धाकटीची वेगळी चूल पेटली, आणि घर फुटलं असं गावात कोणी म्हटलं नाही. पाणी तापवायचा ओटाच होता तो.

आमची कंपनी साकोलीला, हायवेच्या कडेला, एका कृषी केंद्राच्या माडीवर. खाली खताच्या गोण्या, वर आम्ही. बोर्डावर लिहिलं होतं, 'नकाशा आणि बांधकाम एकाच हातानं'. कागदोपत्री ती प्रायव्हेट लिमिटेड होती आणि तिला चांगलं ऐटदार नाव होतं, पण त्या नावानं विचारलं तर ऑटोवाला डोकं खाजवायचा. 'चुनावाल्याइची कंपनी' म्हटलं की बरोबर दारात आणून सोडायचा. धंद्याला हे नाव काही शोभणारं नव्हतं. चुना लावणं म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी एकदा तसं बोलून दाखवलं. साहेब हसले. "लावतो ना बाप्पा चुना. पन सांगून लावतो, आन जमिनीले लावतो."

साहेब मूळचे साकोलीजवळच्या एकोडी गावचे. आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात पोटाला कमी पडलं तरी पुस्तकाला कमी पडू दिलं नाही. साहेबांनी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नागपूरला एका ठेकेदाराकडं सुपरवायझर म्हणून लागले. तिथं त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांचं डोकं फिरलं. घरमालकानं विचारावं, ही खिडकी अशी का? ठेकेदार म्हणे, नकाशात आहे. नकाशावाला म्हणे, ठेकेदारानं चुकवली. दोघं एकमेकांकडं बोट दाखवणार आणि घरमालक जन्मभर त्या खिडकीतून शेजाऱ्याची मोरी पाहणार. "ज्यानं रेघ मारली त्यानंच वीट लावली पाह्यजे," असं म्हणून साहेब नोकरी सोडून गावाकडं आले आणि कंपनी काढली. त्या वेळी इकडं सगळे मिस्त्रीला बोलावून काडीनं मातीत दोन खोल्या काढून घर बांधत. नकाशाला वेगळी कंपनी कशाला, असं लोक विचारत. साहेब म्हणत, तुमची काडी बरोबरच आहे, माझी काडी थोडी मोठी आहे.

मी त्यांच्याकडं गेले ती डिप्लोम्याचा कागद घेऊन. आम्ही कोष्टी, बाप मागावर बसणारा. पाच बहिणींतली मी मधली, आणि माझं तोंड लहानपणापासून फाटकं. साहेबांनी कागद पाहिलाच नाही. म्हणाले, "तुम्हाले भांडता येते का?" मला वाटलं, थट्टा करतात. मी म्हणाले, "आम्ही पाच बहिणी आहोत, साहेब." ते म्हणाले, "मंग सोमवारपासून या. नकाशा काढनाऱ्याले मिस्त्रीशी भांडता आलं पाह्यजे, नाही तर मिस्त्री त्याले गिळते." पहिल्याच आठवड्यात मी आमच्या मोठ्या मिस्त्रीशी जिन्यावरून अशी भांडले की खालच्या कृषी केंद्रातले शेतकरी वर पाहायला आले. साहेब मधे पडले नाहीत. शांतपणे चहा पीत बसले. भांडण संपल्यावर जिना चांगला निघाला, एवढंच म्हणाले.

पण चूक झाली तर मात्र भांडायची बंदी होती. एका घराचा सज्जा गळायला लागला. मिस्त्री म्हणे, बाईनं उतार दिला नाही. मी म्हणे, मी दिला, यानं भरून टाकला. साहेब दोघांवर डाफरले, "अठी दोन नावं नाहीत! नागपूरले होती दोन नावं. अठी एकच नाव आहे, कंपनी. कंपनी चुकली." आणि तो सज्जा दुसऱ्या दिवशी आम्हीच पाडला, आम्हीच बांधला. घरमालकानं कोणाची चूक म्हणून विचारलं, तर साहेबांनी आपलं बोट आपल्याच छातीला लावलं. मी आणि मिस्त्री मागं उभे राहून एकमेकांकडं पाहत होतो. त्यानंतर आम्ही दोघं आधीच मरेस्तोवर भांडून घेत असू, चुकायच्या आधी.

आता साहेबांच्या घराचं सांगते. त्यांना घरच नव्हतं. अख्ख्या जिल्ह्याला घरं बांधून देणारा हा माणूस ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचा. एक लोखंडी खाट, एक गॅसची शेगडी, भिंतीला बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. सकाळ-संध्याकाळ भात आणि वरण, कधी लाखोळीची डाळ. संध्याकाळी आम्ही निघालो की ते गॅलरीत येऊन उभे राहत. मी खालून हात हलवायची, ते हलवायचे. पण नजर नागपूरकडं जाणाऱ्या बसवर असायची. ते मला सुरुवातीला कळत नव्हतं. नंतर कळलं, आणि कळल्यावर मी वर पाहायचंच सोडलं. कोणाचं एकटेपण असं रोज रोज पाहू नये.

नागपूरला त्यांच्या मॅडम राहत. साहेबांच्या बायकोला आम्ही सगळे मॅडमच म्हणत असू, कारण त्या कंपनीच्या डायरेक्टर होत्या. प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात. साहेबांनी पहिलं नाव आपलं घातलं, दुसरं बायकोचं. तेव्हा दोघं एकत्र होते. मॅडम सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांची बदली नागपूरला झाली, मुलीची शाळा तिथं झाली, कॉलेज तिथं झालं. साहेब दर खेपेला म्हणत, ही साईट संपली की येतो. साईट कधी संपते का? एक संपायच्या आत दुसरीचा चुना पडलेला असायचा. मुलीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि मॅडम फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या. दोघांचं भांडण झालंच नाही, तेच वाईट. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

दरसाल कंपनीच्या कागदांवर दोघांच्या सह्या लागत. ते कागद घेऊन मॅडमकडं जायचं काम माझ्याकडं आलं. साहेब स्वतः जाऊ शकले असते. पण निघायच्या दिवशी नेमकं काहीतरी काम काढत आणि म्हणत, "तूच जा. आन पाहजो, तब्येत कशी आहे ते." मॅडम मला जेवू घालत, सह्या करत आणि शेवटी दरवेळी एकच विचारत, "तुमच्या साहेबाची साईट संपली काय?" मी म्हणायची, नाही मॅडम. "बरं. संपली का सांगजा." परत आल्यावर साहेब आडून आडून विचारत. काय बोलल्या, बारीक झाल्या का, काही म्हणाल्या का. मी म्हणायची, साईट संपली का म्हणून विचारलं. साहेबांचा चेहरा उजळायचा. त्यांना वाटे, ती वाट पाहत आहे. मला तसं वाटत नव्हतं. मॅडम ते अशा सुरात विचारत, जसं आपण भाजीवाल्याला उगाच विचारतो, आज आंबे नाहीत का, थंडीच्या दिवसांत.

मॅडम रिटायर झाल्या आणि साहेबांना जणू मुहूर्त सापडला. एकोडीला त्यांच्या वाट्याची जागा होती, धानाच्या बांध्यांना लागून, समोर बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. पावसाळ्यात काठोकाठ भरतो, पाखरं उतरतात. तिथं घर बांधायचं, आणि मॅडमना घेऊन यायचं. इतक्या वर्षांत या माणसाला काही हवं आहे, असं मी पाहिलं नव्हतं. आता एकच हवं होतं, तिनं यावं. ऑफिसात बसल्या बसल्या एकटेच हसायचे. केस काळे करून आले एकदा. मी म्हणाले, "साहेब, शोभत नाही." तर म्हणाले, "तुले कोन विचारलं?"

मी मात्र विचारलं. म्हणाले, "मॅडमना चुन्यावर केव्हा बोलावता?" साहेब म्हणाले, नाही बोलावायचं. सरप्राइज आहे. मी म्हणाले, साहेब, आपल्या कंपनीत सरप्राइज नसतं. तुम्हीच सांगता, माणूस चुन्यात बसल्याशिवाय त्याचं घर कळत नाही. त्यावर ते असे काही हसले, जसं मी पोरकट बोलले. "अवो, ते गिऱ्हाइकासाठी. आपल्या बायकोले काय विचाराचं? मले माहीत आहे तिले काय पाह्यजे ते." मी पुन्हा बोलले, मिस्त्रीही बोलला. साहेबांनी दोघांना उडवून लावलं. दुनियेच्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून घरं बांधणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या वेळी अंदाजानं चालला.

एकोडीला चुना पडला. धान कापून झालेलं, जमीन कडक. चुन्यातल्या घरात राहायला मात्र कोणी नव्हतं, म्हणून साहेबांनी मला मॅडमच्या जागी उभं केलं. "ओट्यापाशी उभी राहा. हात टेकव. बरोबर. मॅडमची उंची तुझ्याएवढीच." मी म्हणाले, मॅडम माझ्या खांद्याला लागतात, साहेब. "काही बोलू नोको," म्हणाले. मला मागच्या अंगणात कपडे धुवायला बसवलं, खिडकीशी थांबवलं. मधेच ते स्वतः बाहेर जायचे आणि कामावरून आल्यासारखे दारातून आत यायचे. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी वरच्या मजल्याची खोली कुठं येईल ते दाखवून म्हणाले, "अठी खाट. खाटेवरून बोडीचं पानी दिसते. लग्नाच्या साली आमी अठी आलो होतो, तवा ते म्हनली होती, निजल्या निजल्या पानी दिसलं पाह्यजे."

घर सुंदर झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. कंपनीनं इतकं चांगलं घर आधी बांधलं नव्हतं, नंतरही नाही. बोडीचं पाणी चढतं म्हणून जोतं उंच, दाराला पायऱ्या. सकाळी भन्तेजींनी परित्राण पाठ केला, खीर झाली, मिस्त्री लोक नवे शर्ट घालून आले. साहेब स्वतः नागपूरला जाऊन गाडीनं मॅडमना घेऊन आले. आम्ही सगळे दाराशी उभे. मॅडम उतरल्या, घर पाहिलं, मग पायऱ्या पाहिल्या. मी पुढं होऊन आधार दिला. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून त्या एकेक पायरी चढल्या. तेव्हाच मला कळलं की आजचा दिवस फुकट गेला.

साहेब पुढं पुढं, मॅडम मागं मागं. स्वयंपाकघरात त्या ओट्याशी उभ्या राहिल्या तर ओटा उंच, हात कोपरापासून वर. मागच्या दारी काळाभोर दगड बसवलेला, घासून गुळगुळीत केलेला. "हे कायले?" साहेब म्हणाले, "तुले दगडावर धुतल्याशिवाय कपडे साफ वाटत नाही ना." मॅडम म्हणाल्या, "मशीन आहे जी मले. कवाची." साहेब किंचित थबकले, पण अजून त्यांच्याजवळ हुकमाचं पान होतं. "ते राहू दे. वर चाल. वरून पाह काय दिसते!"

मॅडमनी जिन्याकडं पाहिलं. मग खालच्या पायरीवर हळूच बसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "चांगलं बांधलं जी," म्हणाल्या. "खरंच चांगलं बांधलं. पन हे घर कोनाचं आहे?"

"तुझं! आनखी कोनाचं?"

"नाही जी. वर चढून पानी पाहनारी, दगडावर कपडे धुवनारी, ते दुसरी होती. तिले गुडघे होते."

साहेबांनी हातातली खिरीची वाटी पायरीवर त्यांच्या शेजारी ठेवली.

मॅडम रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी समजूत काढल्यासारख्या बोलत होत्या. "तुमी साऱ्या दुनियेले चुन्यात बसवलं. कोनाची सासू, कोनाचा जावई. मले काहून नाही बोलावलं? मी आली असती ना. येऊन बसली असती, सांगलं असतं." साहेब म्हणाले, "सरप्राइज होतं." हा शब्द त्या वेळी इतका फालतू वाटला, की मला साहेबांकडं पाहवेना. मॅडमनी खीर खाल्ली, मिस्त्री लोकांच्या बायकांशी बोलल्या, सगळ्यांना नावानं विचारलं, आणि दुपारच्या बसनं नागपूरला परत गेल्या. साहेबांनी घराला कुलूप लावलं.

त्यानंतर साहेबांनी खाली खोली काढायचे नकाशे मला काढायला लावले. ओटा फोडू, पायऱ्यांच्या जागी उतार करू. मॅडम फोनवर म्हणाल्या, आता राहू द्या. साहेबांनी पुन्हा नवा नकाशा काढायला लावला. त्या पुन्हा म्हणाल्या, राहू द्या. मग साहेबांनी नकाशांचा विषय सोडला. साईटवर चुना टाकायचे, लोकांना आत बोलवायचे, पण त्यांचं लक्ष नसायचं. एका म्हातारीनं विचारलं, "साहेब, तुमचं घर कोठी आहे जी?" साहेब म्हणाले, "आहे नं, एकोडीले." आणि चुन्याची पाटी उचलून दुसऱ्या रेघेकडं गेले.

एके सकाळी आमचा लाखनीच्या बाजूला स्लॅब होता. स्लॅबचा दिवस म्हणजे कंपनीचा सण. आजारी असले तरी साहेब खाटेवरून उठून येत. त्या दिवशी ते आले, हातात कपड्यांची पिशवी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुषमा, स्लॅब तू पाह. मी नागपूरले चाललो." मला वाटलं, मॅडमची तब्येत बिघडली. तसं नव्हतं. "परत केव्हा?" तर म्हणाले, "पाहू." माझा पारा चढला. चांगली वरच्या पट्टीत म्हणाले, "साहेब, साईट अर्धी आहे!" मिक्सरचा आवाज चालू होता, मजूर पाट्या घेऊन चढत होते. साहेबांनी त्या सगळ्यावरून एकदा नजर फिरवली. "साईट अर्धीच राहते, सुषमा. मी फुकट वाट पाहून राहिलो होतो." आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. बस आली, चढले. खिडकीतून हातही केला नाही. मी स्लॅब पूर्ण केला. दुसरं काय करणार?

तिथून ते परत आलेच नाहीत. मॅडमनी त्यांना दारातून आत घेतलं आणि हॉलच्या कोपऱ्यातला दिवाण दिला. कागद घेऊन मी गेले तेव्हा दोन्ही डायरेक्टर एका टेबलाशी बसून सह्या करताना पहिल्यांदा पाहिले. फ्लॅट तळमजल्याचा, अंधारा. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची. साहेब मला हळूच म्हणाले, "हा नकाशा कोन्या गाढवानं काढला? भिताड थोडं इकडं सरकवलं असतं तर..." आतून मॅडम ओरडल्या, "बसा चुपचाप! अठी एक भीत हलनार नाही!" साहेब तोंडावर हात ठेवून लहान पोरासारखे हसले. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला, खरंच झाला. पण परतीच्या बसमध्ये साकोली जवळ यायला लागली तसं खाली उतरावंसं वाटेना. माडीवर आता मला भांडू देऊन शांतपणे चहा पीत बसणारं कोणी नव्हतं.

त्याच भेटीत साहेबांनी एकोडीच्या घराची गोष्ट काढली. "घर रिकामं राह्यलं का मरते. तू राह तठी. भाड्याच्या खोलीत कायले कुजतं?" मॅडमनीही मान डोलावली. मी एकटी बाई, सामान ते किती. एका फेरीत हलले. ओटा मला बरोबर येतो. खिडक्या माझ्या नजरेच्या उंचीवर आहेत. वर निजते मी, आणि निजल्या निजल्या पाणी दिसतं. साहेब संध्याकाळी फोन करत. कंपनीचं काहीही न विचारता म्हणत, "बोडीत पानी किती आलं?" मी सांगायची, काठाला लागलं, पांढरे बगळे आलेत, शिंगाड्याचे वेल पसरलेत. पलीकडून ते सगळं मोठ्यानं पुन्हा बोलत. मॅडमना ऐकू जावं म्हणून, हे मला समजायचं. मॅडम काय म्हणत ते मात्र मला कधी ऐकू आलं नाही.

साहेब हिवाळ्यात गेले, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मिस्त्री, सेंट्रिंगवाले, प्लंबर, सगळे टेम्पो करून नागपूरला आले. जागा नव्हती, लोक फ्लॅटच्या बाहेर रस्त्यावर उभे राहिले. मोठा मिस्त्री, ज्याच्याशी मी आयुष्यभर भांडले, माझ्याजवळ येऊन उभा राहिला. परत आल्यावर संध्याकाळच्या वेळी फोनकडं पाहायची सवय सुटायला मला फार दिवस लागले. खोटं कशाला, अजून सुटली नाही. दिवसभर कंपनीत माणसांत असते, चुना टाकते, लोकांना आत बोलावते, ओरडते. मग एकोडीला येते, कुलूप उघडते, आणि त्या एवढ्या मोठ्या चांगल्या घरात माझ्याशी बोलायला कोणी नसतं.

कंपनीला दुसरा डायरेक्टर लागणार होता. मॅडमनी माझं नाव सांगितलं. ते कागद घेऊन मी नागपूरला गेले. दिवाण तसाच होता, वर धुतलेली चादर. मॅडमनी सही केली, मी केली. मग मी धीर करून म्हणाले, "मॅडम, एकोडीला चला. मी खाली खोली काढते. पायऱ्या फोडून उतार करते. तुम्ही या, बसून दाखवा, सांगाल तसं करू. तुम्ही खाली, मी वर. दोघी राहू."

मॅडमनी सहीचे कागद बाजूला सारले. "तुले एकटं वाटून राहिलं ना तठी?"

मी हो म्हणाले.

"मले बी वाटते अठी," त्या म्हणाल्या. "पन मी नाही येत, बाई. ते होते तवा मी गेली नाही. आता आली, राहिली, आन मले ते घर आवडलं, तं सांगू कोनाले?"